सरकीच्या गाळातून रंगाचे रेझिन

खानदेशात कापूस पिकतो, जिनिंगमध्ये सरकी निघते आणि तेलगिरणीत तिचे तेल व ढेप होते. हे आपणा सर्वांना माहीत आहे. परंतु तेल शुद्ध करताना जो काळपट गाळ उरतो, त्यापासून दारे-खिडक्यांच्या ऑइल पेंटचे रेझिन बनू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जळगाव-धुळ्यातील तेल व रंगाच्या धंद्यात असलेल्या वाचकांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

रेझिन म्हणजे रंगाचा पापुद्रा धरून ठेवणारा पदार्थ. पूर्वी सुतार जवसाच्या तेलात राळ शिजवून रोगण करीत. आजचे अल्किड रेझिन हे त्याचेच सुधारलेले रूप होय. वनस्पती तेलातील फॅटी ॲसिड, ग्लिसरीन आणि थॅलिक ॲनहायड्राइड यांच्या संयोगातून ते तयार होते. ब्रशने लावायच्या रंगाच्या रेझिनमध्ये तेलाचा वाटा सुमारे ६० टक्के असतो.

कोणते तेल किती लवकर वाळेल, हे त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळते. जवसाचे मूल्य १७० च्या वर असते, म्हणून ते झटपट वाळते. पण पांढरा रंग कालांतराने पिवळा पाडते. सरकीचे मूल्य १०० ते ११५ च्या आसपास असते. ते सावकाश वाळते, मात्र पिवळेपणा कमी येतो. म्हणून त्यात जवसाचे किंवा निर्जलित एरंडेलाचे फॅटी ॲसिड मिसळतात.

खाण्याचे तेल रंगात घालावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. देशाला निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करावे लागते. आमचा रोख सोपस्टॉकवर आहे. कच्चे तेल कॉस्टिक सोड्याने धुतले की सोपस्टॉक खाली बसतो. त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की ॲसिड ऑइल मिळते. गॉसिपॉल व इतर द्रव्यांमुळे ते काळे असते. निर्वात पात्रात त्याचे ऊर्ध्वपातन केल्यावर फिकट फॅटी ॲसिड हाती येते.

हे फॅटी ॲसिड, ग्लिसरीन व थॅलिक ॲनहायड्राइड बंद भट्टीत २२० ते २५० अंशांवर शिजवतात. थोडे झायलीन घालून सुटणारे पाणी बाहेर काढतात. दर थोड्या वेळाने नमुना काढून आम्लमूल्य व घट्टपणा तपासावा लागतो. प्रमाण चुकले तर सारा घाणा भट्टीतच जेलीसारखा गोठतो आणि माल वाया जातो. म्हणून प्रयोगशाळा आणि जाणकार केमिस्ट यांच्याशिवाय या कामात उतरू नये.

'वनस्पतीजन्य' म्हणजे पूर्णपणे निर्धोक, असाही समज नको. थॅलिक ॲनहायड्राइड आणि झायलीन पेट्रोलियमपासूनच येतात. झायलीन पेट घेते. आम्लयुक्त सांडपाण्यावर प्रक्रिया करणे भाग आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्यावी. शिवाय २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून शिशाचे ड्रायर वापरता येणार नाहीत.

मार्गदर्शन दूर शोधायला नको. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. याच विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये सरकीच्या तेलापासून लेपासाठी रेझिन बनवल्याचे आणि कडुलिंबाच्या तेलापासून गंजरोधक लेप तयार केल्याचे निबंध प्रसिद्ध केले आहेत.

उपपदार्थाला मोल आणण्याचा धडा खानदेशाने पूर्वीच घेतला आहे. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला आणि तेलाच्या उपपदार्थातून तेथे साबणही बनू लागला. तोच उद्योग पुढे विप्रो झाला.

आज सोपस्टॉक गाळाच्या भावाने विकला जातो आणि रंगाचा डबा आपण पूर्ण भावाने विकत घेतो. मधला नफा दुसऱ्याचा होतो. एकट्याला भट्टी परवडत नसेल तर चार-पाच गिरणीवाल्यांनी मिळून ॲसिड ऑइलपासून सुरुवात करावी. ते विकण्यासाठी साबणाचे कारखाने आहेतच. हात बसला आणि ग्राहक जोडले गेले की मगच रेझिनकडे वळावे. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करून, हिशेब मांडून आणि अनुभवी माणूस सोबत घेऊन पाऊल टाकले तर हा धंदा आपल्या तरुणांच्या आवाक्यातला आहे, असे आम्हाला वाटते.