जुन्या फटफटीची वंशावळ

जुन्या वस्तूस नवे तेज चढविले म्हणजे तिचे मोल वाढते की घटते? घरातील समई घासून लख्ख करताना हा प्रश्न आपणांस पडत नाही. इंग्लंडमधील जुन्या फटफट्यांच्या विक्रीत मात्र सारा व्यवहार याच प्रश्नाभोवती फिरतो. ‘व्हिन्सेंट ब्लॅक शॅडो’ या गाडीचे उदाहरण त्या दृष्टीने बोधप्रद वाटल्यावरून आम्ही ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्टीव्हनेज येथील कारखान्यातून १९४८ साली ही गाडी बाहेर पडली. फिलिप व्हिन्सेंट आणि ऑस्ट्रेलियन अभियंता फिल अर्व्हिंग यांची ही निर्मिती. दोन सिलिंडरांचे, ९९८ घनसेंटिमीटरचे काळेभोर इंजिन आणि ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वेग! त्याच वर्षी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या क्षारपठारावर रोली फ्री याने, खास सिद्ध केलेल्या व्हिन्सेंटवर केवळ पोहण्याच्या चड्डीनिशी पालथे पडून, ताशी १५० मैलांची मर्यादा ओलांडली. परंतु कीर्तीने कारखाने चालत नाहीत. १९५५ च्या अखेरीस हे उत्पादन बंद पडले.

गाड्या दुर्मिळ झाल्या, किमती चढल्या आणि मोहाची वाट उघडली. त्याच कारखान्याची ‘रॅपिड’ ही शॅडोची सौम्य प्रकृतीची बहीण. तिच्या इंजिनास काळा रंग दिला, १५० मैलांपर्यंतचे आकडे असलेला मोठा वेगदर्शक बसविला, की वरवर पाहणाऱ्यास ती शॅडोच भासते. आणि शॅडोला किंमत पुष्कळ अधिक येते.

म्हणूनच जाणकार ग्राहक रंगाआधी क्रमांक पाहतो. शॅडोच्या इंजिन-क्रमांकात बहुधा ‘१बी’ ही खूण असते, रॅपिडच्या क्रमांकात बहुधा नुसता ‘१’. सांगाड्याच्या वरच्या व मागच्या भागांवर एकच क्रमांक हवा आणि तो सामान्यतः इंजिनाच्या क्रमांकाहून १९०० ने अधिक असावा. कोणी खोटे आकडे ठोकलेच, तर व्हिन्सेंट-मालकांच्या मंडळाने जपलेल्या कारखान्याच्या नोंदींशी ते ताडून पाहता येतात. माणसाप्रमाणे गाडीचीही वंशावळ निघते ती अशी!

याचा अर्थ दुरुस्ती निषिद्ध, असा मुळीच नव्हे. झिजलेला पिस्टन, कुजलेली वायर बदललीच पाहिजे. एरवी गाडी धावणार कशी? दोष बदलण्यात नसून बदल लपविण्यात आहे. ‘अमुक भाग मूळचा, अमुक नवा’ असे स्पष्ट लिहून देणारा विक्रेता आपल्या गाडीचे मोल कमी करीत नाही; ग्राहकाचा विश्वास मिळवितो.

आपल्यापैकी कोणाच्या वाड्याच्या पडवीत वडिलोपार्जित फटफटी धूळ खात उभी असेल, तर एवढे अवश्य करावे. रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वी तिची छायाचित्रे काढावीत, क्रमांक टिपून ठेवावेत, जुनी कागदपत्रे सांभाळावीत आणि काढलेले भाग भंगारात देऊ नयेत. रंग पुन्हा केव्हाही देता येईल. पुसलेली खूण मात्र परत मिळणार नाही.