एका क्विंटलात हजार कोटी पेशी

मानोऱ्याच्या शिवारातून बाजाराला निघालेल्या एक क्विंटल कापसात हजार कोटींच्या आसपास धागे असतात. पृथ्वीवरची माणसं 800 कोटींच्या थोडी पुढे. यातला प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी! हिशेब असा: एका सरकीवर साधारण 15,000 धागे, बोंडात तीसेक सरक्या आणि चार ग्रॅमचं बोंड धरलं तर क्विंटलात 25,000 बोंडं. दोन क्विंटलांतले धागे टोकाला टोक जोडले तर चंद्र गाठतील.

पऱ्हाटीचं फूल उमलतं त्याच दिवशी या पेशी फुगून वर येतात. पुढचे वीसेक दिवस नुसती लांबी. रिक्तिका पोटॅशियम आणि साखर साठवते, त्या ओढीनं पाणी आत येतं, दाब वाढतो. शेजारच्या पेशींकडे जाणाऱ्या वाटा काही दिवस मिटतात, म्हणून दाब टिकतो. भिंत ताणली जाते तसं गॉल्जी पुटिकांतून नव्या भिंतीचा माल धाडते; तंतुकणिका ऊर्जा पुरवतात. भर वाढीत धागा दिवसाला दोन मिलिमीटर लांबतो. शेवटी जाडीच्या दीड हजार पट लांबी! ही पेशी बोटाएवढी जाड असती, तर सात मजली इमारतीएवढी लांब झाली असती.

मग काम पालटतं. मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी सेल्युलोज विणणारी यंत्रं गॉल्जीतून पेशीपटलावर पोचतात आणि सूक्ष्मनलिकांच्या दिशेनं सरकत भिंत जाड करतात. सेल्युलोजच्या एकेका साखळीत दहा हजारांवर ग्लुकोज. पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास बोंड फुटतं, रिक्तिका आटते, पेशी मरते. पोकळ नळी चपटी होऊन पिळा घेते. त्या पिळामुळेच सूत कातता येतं.

2025-26 च्या हमीभावात मध्यम धाग्याला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये होते. फरक 5 मिलिमीटरचा, किंमत क्विंटलमागे 400 रुपये. धागा जास्तीत जास्त किती लांब होईल हे वाण ठरवतं. तिथवर नेतं ते रिक्तिकेतलं पाणी. कोरडवाहू रानात फुलोऱ्यानंतर दिलेलं एक संरक्षित पाणी म्हणूनच मोलाचं. प्रत्येक बोंडाला लांबीसाठी आपले वीसच दिवस मिळतात. नंतरचा पाऊस ती वाढवू शकत नाही.