पाठीवरचें बिऱ्हाड

कासव आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतें, हें आम्ही वर्गांत तीस-पस्तीस वर्षें सांगत आलों. मोटारहि तसें करूं शकते, हें मात्र कॅलिफोर्नियांत चिरंजिवांकडे मुक्कामास गेल्यावरच पाहिलें. त्यांच्या पिक-अप ट्रकच्या हौद्यांत ‘कॅम्पर’ नांवाची एक खोलीच बसविलेली आहे. तींत चूल, बिछाने, पाण्याची टाकी, फार काय, न्हाणीघरहि!

हें बिऱ्हाड घेऊन आम्ही सर्वजण ३९५ क्रमांकाच्या हमरस्त्यानें ओवेन्स खोऱ्यांतून चाललों होतों. पश्चिमेस सिएरा नेव्हाडाची भिंत. तीवरून उतरणारा वारा गाडीस कुशींत ढोसत होता. इतक्यांत समोरून एक प्रचंड मालमोटार सणकन निघून गेली आणि आमचा ट्रक एका अंगावर कलला, सांवरला, पुन्हां दुसऱ्या अंगावर कलला. नातवंडें किंचाळलीं. पुढें थांबून कॅम्परचें दार उघडतों तों आंत कपबश्यांचा चुरा! त्या रात्रीं सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, आपणच यांना सांगा. मुलांना घेऊन मी या गाडींत पुन्हां बसणार नाहीं.”

सांगण्याची गरज पडली नाहीं. चिरंजिवांनीं घरीं येतांच ‘स्वे बार’ मागविला. हा एक पोलादी दांडा असतो, दोन्ही टोकांना काटकोनांत वळविलेला. मधला भाग मागच्या आंसास बांधावयाचा आणि टोकें गाडीच्या सांगाड्यास जोडावयाचीं. दोन्ही चाकें एकदम वर गेलीं तर दांडा आपल्या बुशांत नुसता फिरतो; पण गाडी एका बाजूस कलूं लागली, म्हणजे त्यास पीळ बसतो आणि तो पीळ सुटूं पाहतांना गाडीस सरळ करतो. पाटे जाड केले तर भार अधिक तोलला जाईल, पण गाडी नेहमींच कडक चालेल. दांडा दोन बाजूंमध्यें फरक पडला तरच बोलतो. कॅनडांतील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांस याचें पेटंट १९१९ सालींच मिळालें होतें. जाडीचा हिशेब तर आम्हांस फारच रुचला: दांडा १ इंचाऐवजीं सव्वा इंचाचा घेतला, तर पिळास होणारा विरोध जवळजवळ अडीचपट होतो. तथापि मागें वाटेल तेवढा जाड दांडा घालणेंहि बरें नव्हे. वळणावर मागचीं चाकें घसरण्याचा संभव त्यामुळें वाढतो.

शनिवारीं सकाळीं कॅम्पर उतरवून काम सुरू झालें. चाकांना अडणी लावल्या, सांगाड्याखालीं भक्कम टेकू दिले. दांडा ब्रेकच्या नळीस किंवा धुराड्यास कोठें घासत नाहींना, हें चिरंजिवांनीं आधीं पाहिलें. बुशांना ग्रीस लावून यू-बोल्ट आंसावर चढविले. आमच्याकडे बॅटरी धरण्याचें काम. टोकांचे बोल्ट ते लगेच आवळूं लागले, तेव्हां आम्हीं सूचनापत्रक पुन्हां वाचून दाखविलें: शेवटचें आवळणें गाडीचा भार चाकांवर आल्यावर. अधांतरीं आवळल्यास रबर वेड्यावांकड्या स्थितींत जखडलें जातें व लौकर फाटतें. चिरंजीव हंसले, पण पाना खालीं ठेवला.

“झालें, आतां डोलणार नाहीं,” ते म्हणाले. आम्हीं विचारलें, “पण भार किती आहे?” उत्तर आलें नाहीं. दारालगत चिकटविलेल्या पत्रकावर मागच्या आंसाची मर्यादा छापलेली होती. कॅम्पर चढवून गाडी वजनकाट्यावर नेली, तेव्हां ती मर्यादा साडेतीनशें पौंडांनीं ओलांडलेली निघाली. दांडा डोलणें कमी करतो. भार वाहण्याची शक्ति तो रतिभरहि वाढवीत नाहीं. वर वजन उंचावर, म्हणजे कलण्यास अधिकच अनुकूल. त्यांच्या टाकींत ३० गॅलन पाणी, म्हणजे एकटें २५० पौंड! तें मुक्कामीं पोंचल्यावर भरावयाचें ठरलें. डबाबंद अन्नाचीं दोन खोकीं, लोखंडी तवे आणि आमची पुस्तकांची पेटी घरींच राहिली. पेटीचें आम्हांस वाईट वाटलें. पुन्हां वजन केलें तेव्हां कांटा मर्यादेच्या आंत आला.

पुढच्या महिन्यांत त्याच रस्त्यानें निघालों. सूनबाई बसल्या, पण वरची कडी घट्ट धरून. मालमोटार गेली, गाडी हलली, परंतु झोका घेतला नाहीं. खडबडीत फांट्यावर मात्र एका चाकाचा हिसका दांड्यानें दुसरीकडेहि पोंचविला आणि आमच्या कमरेनें त्याची नोंद घेतली.

शंभर मैलांवर चिरंजीव पाना घेऊन गाडीखालीं शिरले. नव्या बोल्टांची फेरतपासणी करावयाची होती. या खेपेस बॅटरी सूनबाईंनीं धरली. एक नट पाव फेरा फिरला.

“आणि पलीकडचा?” त्यांनीं विचारलें.