निवडणूक-प्रचाराचा यांत्रिक दूरध्वनी

दूरध्वनी हे संभाषणाचे साधन होय, आणि संभाषणास दोन माणसे लागतात. स्वयंचलित दूरध्वनीत मात्र बोलणारा माणूस प्रत्यक्ष नसतोच. संगणक यादीतील क्रमांकांना एकामागून एक दूरध्वनी करतो. कोणी उत्तर दिले की आधी मुद्रित केलेला आवाज सुरू होतो. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा संदेश असंख्य ग्राहकांनी याच मार्गाने ऐकला. सभेस जाऊ न शकणाऱ्या मतदारापर्यंत अशा रीतीने प्रचार पोचतो, हा त्याचा लाभ. पण ऐकणाऱ्यास प्रश्न विचारता येत नाही, हा त्याचा दोष.

व्यापारी जाहिरातींच्या अशाच उपद्रवावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००७ मध्ये नियम केले आणि असे दूरध्वनी नको असणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१० व २०१८ मध्ये नियम नव्याने करण्यात आले. नोंदवहीचे कार्य समजण्यास सोपे आहे. जबलपूरच्या एखाद्या ग्राहकाने १९०९ या क्रमांकावर आपला नकार कळविला की त्याची नोंद होते. पुढे जाहिरातदाराची यादी या नोंदींशी ताडून पाहतात व नकार देणाऱ्यांचे क्रमांक गाळतात. बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, पर्यटन इत्यादी वर्गांपैकी हवे ते वर्ग ग्राहकास निवडता येतात.

मग निवडणुकीच्या दिवसांत त्याच ग्राहकाकडे प्रचाराची घंटा का वाजते? याचे उत्तर ‘व्यापारी’ या एका शब्दात आहे. हे नियम वस्तू व सेवा यांच्या जाहिरातींसाठी रचलेले असून, मत मागणे म्हणजे वस्तू विकणे नव्हे. वर्गांच्या यादीत राजकीय प्रचार नाही. अमेरिकेने २००३ मध्ये आणि कॅनडाने २००८ मध्ये नोंदवह्या उघडल्या, तेव्हा त्यांनीही राजकीय दूरध्वनी वगळले. मात्र अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्यानुसार मोबाइलवर ध्वनिमुद्रित दूरध्वनी करण्यास पूर्वसंमती लागते, मग तो राजकीय का असेना. तेथे बंधन विषयावर नसून यंत्रावर आहे.

भारतात राजकीय संदेशांचे नियमन निवडणूक आयोगाकडे येते. ध्वनिमुद्रित संदेश प्रसृत करण्यापूर्वी त्यास आयोगाच्या समितीचे प्रमाणपत्र लागते. शिवाय मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचारास मनाई असते. जबलपूर येथे १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. त्यामुळे तेथील प्रचार १७ एप्रिलच्या सायंकाळी थांबला. परंतु हे नियम मजकूर व वेळ पाहतात. ऐकणाऱ्याची इच्छा विचारीत नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या बनावट आवाजात दूरध्वनी आले व प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, असे मतदारांस सांगण्यात आले. अशा लबाडीस नोंदवही रोखू शकत नाही. कारण नियम मोडणारा ती उघडूनही पाहत नाही. त्यासाठी संदेश कोठून आला, हे शोधण्याची सोय हवी. नोंदवही नागरिकाची शांतता राखते. त्याच्या मताचे रक्षण करण्यास बोलणाऱ्याची ओळख पटणे अवश्य आहे.