नोटेचाही असतो साज!

कोल्हापूरच्या सराफांच्या गुजरीतनं निघालाय? दोन मिनिटं थांबा आणि काचेमागचा कोल्हापुरी साज नीट बघा. परंपरेनं २१ पानांचा. दहा पानं दशावताराची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची, एक डोरल्याचं. एकही पान नुसतं शोभेचं नाही, प्रत्येकाला अर्थ! आता पाकीट काढा. त्यातही असाच साज आहे, फक्त कागदाचा.

पान म्हटलं की अमेरिकेला जावंच लागतं. माहीत आहे का, तिथल्या जुन्या नोटांवर खऱ्याखुऱ्या झाडाच्या पानाचा ठसा असायचा? डोकं बेंजामिन फ्रँकलिनचं, काळ १७३० च्या दशकाचा. खरं पान घ्यायचं, त्याचा प्लास्टरमध्ये साचा काढायचा, त्यात धातू ओतायचा, की छपाईचा ठोकळा तयार. शिरांचं ते बारीक जाळं हातानं कोरायचं म्हणजे नकली नोटा करणाऱ्याच्या नाकी नऊ. फ्रँकलिननं ही रीत गुपितच ठेवली. शिवाय नोटेवर सरळ छापलेलं: नक्कल केलीत तर मृत्यू! एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला फास. सिक्युरिटी फीचर म्हणावं तर हे!

१७७५ च्या सहा डॉलरच्या नोटेवर काय होतं? झाड कुरतडणारा बीव्हर. अर्थ एकच, चिकाटी.

आणि १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस बँकेनं नोटेवर चक्क सांताक्लॉज बसवला. नावाला जागणं म्हणतात ते हे.

आपली मुंबईही मागं नव्हती बरं का! १८४० साली सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर फोर्टातला टाउन हॉल झळकायचा. त्याच्या पायऱ्यांवर तुम्ही कधीतरी बसला असाल, आज तिथं एशियाटिक सोसायटी आहे. जोडीला मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम.

रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह बघा. कल्पना आली ईस्ट इंडिया कंपनीच्या मोहरेवरून, तिथं ताडाच्या झाडाजवळ सिंह होता. आपण झाड ठेवलं, सिंहाला हलवलं आणि वाघ आणला. डरकाळी देशी!

सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या नोटेवर मराठी माणसाची सही होती, माहीत आहे का? चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. जन्मगाव महाडजवळचं नाते. इंग्लंडच्या राजाशी असंही एक नातं!

१९५४ च्या पाच हजारांच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडिया होता. १९७८ च्या नोटबंदीत ती नोट गेली, गेटवे जागेवर आहे.

गांधीजी नोटेवर पहिल्यांदा आले ते १९६९ साली, जन्मशताब्दीला. बसलेले बापू, आणि मागं कुठला आश्रम? साबरमती म्हणालात तर चुकलात. वर्ध्याचा सेवाग्राम!

वीसची नोट उलटा. वेरूळची लेणी. आधी डोंगरात छिन्नी चालली, मग त्याच लेण्यांचं चित्र नोटेवर उतरलं. मला सगळ्यांत जास्त आवडते ती हीच. रिक्षावाल्यानं सुट्टे म्हणून परत दिली की आधी क्षणभर बघून घेते.

आता त्याच बाजूचा भाषांचा पट्टा वाचा. १५ भाषा, इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमानं. वरून मोजा, मराठी आठवी. खालून मोजा, तरीही आठवी! वर मल्याळम, खाली नेपाळी आणि बरोब्बर मधोमध आपली मायमराठी. लई भारी!

शेवटी एक प्रयोग. पाचशेची नोट घ्या, गांधीजींच्या चेहऱ्यावरून अंगठा हळूच फिरवा. उंचवटा लागला? हीच इंटाग्लिओ छपाई. रेषा पत्र्यात खोल कोरतात, खाचांत शाई भरतात, जबर दाबाखाली कागद त्यात शिरतो आणि शाई उंच होऊन वर येते. उजव्या बाजूचं उंच वर्तुळही चाचपा. ते अंध बंधू-भगिनींसाठी आहे, डोळे मिटूनही पाचशे ओळखता येतात.