सोन्यावरची सहा अक्षरे

जुहू-विलेपार्ले विकास योजनेतील घरांत लग्न ठरले, की लॉकरमधील दागिने बाहेर निघतात आणि उजळण्यासाठी सराफाकडे रवाना होतात. त्यापूर्वी बांगडीच्या आतल्या बाजूस भिंग धरून पाहणारी कुटुंबे मात्र थोडीच. अलीकडच्या दागिन्यावर तेथे तीन खुणा दिसतात: भारतीय मानक ब्युरोची त्रिकोणी मुद्रा, '२२के९१६' असा शुद्धतेचा आकडा आणि अंक व रोमन अक्षरे मिळून सहा स्थानांचा एचयूआयडी. १६ जून २०२१ रोजी २५६ जिल्ह्यांत हॉलमार्कची सक्ती सुरू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीसाठी हा क्रमांकही अनिवार्य ठरला. दोन ग्रॅमपर्यंतचे तसेच कुंदन, पोलकी व जडाऊ दागिने यातून वगळले आहेत.

पूर्वी पोलादी ठसा हातोडीने ठोकून छाप उमटवीत. पोकळ बांगडीस त्याने पोचा पडण्याची भीती असे. लेझर दागिन्याला स्पर्शच करीत नाही. फायबर लेझरचा सुमारे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण हलत्या आरशांनी वळवला जातो आणि ज्या बिंदूवर तो पडतो तेथील धातू क्षणात वितळून उडून जातो. लाकूड, चामडे, ॲक्रिलिक यांवर नावे कोरणारे यंत्र बहुधा कार्बन डायऑक्साइड लेझरचे असते. त्याची तरंगलांबी सुमारे दहापट, आणि सोने तो किरण जवळजवळ सगळाच परतवून लावते. म्हणून फोटोफ्रेमवर नाव कोरणाऱ्या दुकानातील यंत्र सोन्याच्या कामी येत नाही.

ही कोरणी फार उथळ असते. उजळताना फिरते बफ पृष्ठभागाचा सूक्ष्म थर काढते. वारंवार किंवा जोराने घासल्यास अक्षरेही पुसट होतात. अंगठीचे माप वाढवताना नेमक्या त्या जागी काप व झाळ बसली, तर क्रमांक समूळ जातो. पै-पैची खतावणी ठेवणाऱ्या घरांतही या क्रमांकाची नोंद सहसा नसते, हे नवलच! दागिना देण्यापूर्वी क्रमांक लिहून घ्यावा, छायाचित्र काढावे आणि जाता-येता वजन करावे. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक घातला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. वस्तू अंगठी आणि ॲपमध्ये हार, असे दिसले तर तेथेच थांबावे.

आजीच्या काळातील बिनक्रमांकी सोने बाळगण्यास वा सराफाला विकण्यास मनाई नाही. मान्यताप्राप्त केंद्रात ग्राहकाला स्वतः कस तपासून घेता येतो: चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच वा अधिक असल्यास प्रत्येकी ४५ रुपये. हॉलमार्क असलेला दागिना कमी कसाचा निघाल्यास विकलेल्या वजनावरील तुटीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च विक्रेत्याकडून मिळू शकतो. त्यासाठी बिल मात्र जपलेले हवे.