पुढच्या चाकांचा लॉक : घ्यावा की न घ्यावा?



वरंध, माझेरी, बिरवाडीच्या पट्ट्यात आणि तिकडे पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत फोर व्हील जीप किंवा पिकअप म्हणजे घरातला एक कर्ता माणूसच. भाताची पोती, खताच्या गोणी, दुधाचे कॅन, बाजारची माणसे, आणि रात्री-अपरात्री महाडच्या दवाखान्यात न्यायचा आजारी, सगळा भार त्या एका गाडीवर. जून लागला, लाल मातीची वाट भिजली, की हीच गाडी चढावर एका जागी चाक फिरवीत उभी राहते. मग कुणीतरी सल्ला देतो, "पुढच्या चाकांना लॉक बसवून घे, गाडी कुठे अडायची नाही."

हे बोलणे अर्धे खरे आहे. लॉकने गाडी चिखलातून निघते, ही खरी बाजू. पण चुकीच्या जागी लावलेला पुढचा लॉक गाडी दरीकडे नेऊ शकतो, ही दुसरी बाजू फारसे कुणी सांगत नाही. पैसे मोजण्याआधी दोन्ही बाजू समजून घ्या.

डिफरन्शियल कशासाठी असते?

खळ्यावर तिवड्याभोवती मळणी चालते तेव्हा पाहा. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेचा बैल मोठा फेरा मारतो. गाडीच्या चाकांचेही तसेच. वळणावर आतले चाक कमी चालते, बाहेरचे जास्त. जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर साधारण १.४ मीटर धरा. वरंध घाटातल्या एखाद्या वळणावर गाडी पूर्ण उलट दिशेला वळली, म्हणजे अर्धे वर्तुळ झाले, की बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त चाललेले असते. वळण लहान असो की मोठे, अर्ध्या वर्तुळाला हा फरक तेवढाच राहतो.

दोन्ही चाके एका दांड्याला घट्ट जोडली असती, तर त्यांतले एक चाक फरफटत गेले असते. टायर झिजला असता, नाहीतर एक्सल पिळवटला असता. म्हणून मधे दातेरी चक्रांचा गोळा असतो, तो दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. हेच डिफरन्शियल.

पॉवर टिलरला बहुधा डिफरन्शियल नसते. तिथे मुठीखालचा क्लच दाबून आपण एका बाजूच्या चाकाची ताकद तोडतो आणि टिलर वळवतो. जीपमध्ये हे काम डिफरन्शियल आपोआप करते.

रस्त्यावरचा गुण, चिखलातला अवगुण

डिफरन्शियल दोन्ही चाकांना ताकद सारखीच वाटून देते. म्हणून घसरणारे चाक जेवढी ओढ धरेल, तेवढीच ओढ दुसऱ्या चाकालाही मिळते. समजा, चिखलातले चाक फक्त ५० किलोची ओढ धरते आणि दुसरे चाक कातळावर असून ३०० किलोची धरू शकते. तरी त्या कातळावरच्या चाकालाही ५० किलोच मिळतात. दोन्ही मिळून १००. गाडीला हवेत दीडशे-दोनशे, म्हणून ती जागीच उभी. लॉक लावला की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि ओढ ३५० किलोपर्यंत जाऊ शकते. लॉक नवी ताकद निर्माण करीत नाही. वाया जाणारी ताकद धरणाऱ्या चाकाकडे वळवतो, एवढेच.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना हे नवे नाही. टाचेजवळचे लॉकचे पेडल दाबले की मागची दोन्ही चाके एकदम फिरतात, आणि वळायच्या आधी पेडल सोडावे लागते. फोर व्हील जीपमध्ये मात्र दोन डिफरन्शियल असतात, एक मागे आणि एक पुढे. ओढ्यातल्या दगडधोंड्यांत पुढचे एक आणि मागचे तिरके समोरचे एक अशी दोन चाके हवेत गेली, तर चारही चाकांना इंजिन जोडलेले असूनही गाडी हलत नाही. अशा ठिकाणी लॉकचा खरा उपयोग.

आधी मागचा लॉक

चढावर गाडीचे वजन मागे सरकते. पुढची चाके हलकी होतात, मागची रुततात. शिवाय पिकअपच्या हौद्यातला माल मागच्या एक्सलवरच असतो. म्हणून चढाला ओढायचे मुख्य काम मागची चाके करतात आणि लॉकचा पहिला पैसा मागच्या एक्सलवर घालणे शहाणपणाचे. मागच्या लॉकने गाडी वळायला कुरकुरते, तरी स्टिअरिंग हातात राहते.

पुढचा लॉक पुढील तीन ठिकाणी कामाला येतो :

१. पुढच्या चाकांना बांधावर, दगडावर किंवा ओढ्याच्या काठावर चढायचे असेल आणि मागच्या चाकांना धर नसेल तर.

२. चढ न चढल्यामुळे गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये वर घ्यायची असेल तर. अशा वेळी पुढचा भाग उताराच्या बाजूला येतो आणि वजन पुढच्या चाकांवर पडते.

३. मागचा लॉक लावूनही मागची दोन्ही चाके एकदम घसरत असतील तर.

तुमच्या रोजच्या वाटेवर यांतला प्रसंग वर्षातून एकदाच येत असेल, तर पुढच्या लॉकचा खर्च अंगावर घेऊ नका.

धोका कुठे आहे?

पहिला धोका वळण्याचा. पुढची दोन्ही चाके बांधली गेली की गाडी नाकासमोर जायला पाहते. स्टिअरिंग जड होते आणि जोर करून वळवले तर पुढचा सांधा किंवा एक्सल तुटू शकतो. पुढच्या चाकांना ताकदही घ्यायची असते आणि वळायचेही असते, म्हणून तिथले सांधे मागच्यापेक्षा नाजूक असतात.

दुसरा धोका मोठा आहे. वाट एका अंगाला कललेली आहे आणि खाली दरी आहे, असे समजा. लॉक नसला तर घसरणारे चाक फिरत राहते, पण दुसरे चाक न फिरता जमिनीला धरून असते आणि गाडीचे नाक वाटेवर ठेवते. लॉक लावला की दोन्ही चाके एकदम फिरू लागतात. फिरत्या चाकाला आडवा धर राहत नाही. नाक सरळ उताराकडे, म्हणजे दरीकडे सरकते. डोंगराच्या कुशीतून कोरलेल्या आपल्या वाड्यांच्या वाटा बहुतेक अशाच कललेल्या. म्हणून अशा वाटेवर पुढचा लॉक लावू नये, हा नियम घरातल्या प्रत्येक चालकाला पाठ पाहिजे.

लॉकचे प्रकार

*आपोआप लागणारा लॉक :* एक्सलमध्ये बसतो, बटण नाही, नळी नाही. त्या मानाने स्वस्त आणि साधा. पण फोर व्हील लावून ॲक्सिलरेटर दाबला की तो लागतो, तुमची इच्छा असो वा नसो. ज्या जीपच्या पुढच्या चाकांना हाताने सोडता येणारे हब आहेत, तिथे हब सोडले की डांबरी रस्त्यावर त्याचा त्रास नाही. मात्र ओल्या, कललेल्या वाटेवर फोर व्हील लावावीच लागते, आणि नेमका तिथेच तो नको असतो. आपल्या भागात पुढच्या एक्सलला हा प्रकार घेऊ नये.

*लिमिटेड स्लिप :* हा पूर्ण बांधत नाही, घसरणाऱ्या चाकाला थोडा आवर घालतो. स्टिअरिंगला सौम्य. पण एक चाक पूर्ण हवेत गेले तर मदत थोडीच. यातल्या काही प्रकारांत प्लेटा असतात. त्या झिजतात आणि त्यांना तेलही वेगळे लागते.

*ब्रेकने आवरणारी यंत्रणा :* ट्रॅक्टरचे एक चाक फसले की जुना चालक त्याच चाकाचा ब्रेक हलके दाबून दुसऱ्या चाकाला ताकद देतो. तीच युक्ती नव्या गाड्यांत संगणक करतो. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्ये अशी सोय दिली गेली. स्टिअरिंगवर बोजा पडत नाही, हा मोठा गुण. चिखलात फार वेळ राबवली तर ब्रेक तापतात, ही मर्यादा.

*हवा तेव्हा लावायचा लॉक :* हवेच्या दाबावर, विजेवर किंवा दांडी-केबलवर चालतो. लावला की चाके शंभर टक्के बांधली, सोडला की गाडी पहिल्यासारखी. पुढच्या एक्सलला घ्यायचाच तर हाच घ्यावा. हवेच्या लॉकला कॉम्प्रेसर आणि नळ्या लागतात, नळी चिरली तर काम थांबते. विजेच्या लॉकला वायरच्या जोडांत पाणी शिरण्याची भीती. केबल साधी, पण आपल्या दमट हवेत गंज धरते. आपल्या मिस्त्रीला महाडात जे दुरुस्त करता येते, ते तुमच्यासाठी चांगले.

कारखान्यातूनच पुढे-मागे दोन्ही लॉक हवे असतील, तर पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीचे उदाहरण आहे. २०२१ च्या गुरख्यात दोन्ही लॉक चालकाने दांडीने लावायचे-सोडायचे आहेत. कारखान्याने बसवलेल्या लॉकला एक्सलची ताकद जुळवलेली असते. बाहेरून बसवताना मात्र आपल्या एक्सलला तो झेपेल का, गाडीची वॉरंटी आणि विमा कायम राहील का, हे लेखी विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून पेणच्या आर. टी. ओ. कचेरीत आधी चौकशी करावी.

वापरायचे कसे?

१. चाक फसल्यावर नव्हे, फसण्याआधी गाडी थांबवून लॉक लावा. चाक गरगर फिरत असताना लॉक लावला तर दाते तुटतात.

२. आधी फोर व्हील आणि लो गिअर, मग मागचा लॉक, आणि अगदी शेवटी पुढचा.

३. चाके सरळ ठेवा. ॲक्सिलरेटर एकसारखा आणि हलका.

४. अडचणीची पाच-दहा मीटर जागा ओलांडली की पुढचा लॉक लगेच सोडा. दिवा विझला याची खात्री करा. काही वेळा गाडी जरा मागे-पुढे घेतल्यावर लॉक सुटतो.

५. उतारावर पुढचा लॉक लावू नका. लो गिअर आणि इंजिनाचा आवर यांवर उतरा.

६. डांबरी रस्त्यावर आणि घाटाच्या वळणावर लॉक कधीही नाही. ज्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये वेगळे डिफरन्शियल नाही, तिथे कोरड्या डांबरावर फोर व्हीलसुद्धा नको.

लॉकच्या आधी स्वस्त उपाय

पुष्कळ गाड्या लॉक नसल्यामुळे नव्हे, तर गुळगुळीत टायरमुळे अडतात. आधी चांगल्या नक्षीचे टायर घ्या. चिखलात टायरची हवा थोडी कमी केली की चाक पसरते आणि धर वाढतो. मात्र पंप जवळ ठेवा आणि डांबरावर येताच हवा पूर्ववत भरा. गाडीत फावडे, मजबूत दोर आणि दोन फळ्या असू द्याव्यात. फळ्या नसतील तर चाकाखाली टाळ आणि दगड घालता येतात. सगळ्यांत उत्तम म्हणजे वाडीने मिळून पावसाआधी वाटेचे चर उपसावेत. पाणी वाटेवरून न वाहता चरातून गेले, तर निम्मी फसगत तिथेच टळते.

ओढा ओलांडण्याकडेही लक्ष असू द्या. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. ती नळी रबरी पाइप जोडून उंच घ्यावी. डिफरन्शियलचे तेल ताकासारखे दिसले तर पाणी शिरले म्हणून समजा आणि तेल बदला, नाहीतर लॉकसकट सगळा गोळा जाईल.

लॉक काय करू शकत नाही

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्या दिवशी पुराचे पाणी आणि ठिकठिकाणी आलेल्या दरडी यांमुळे मदतपथकांना पोचायला वेळ लागला. लॉक चिखलाला उत्तर आहे. खचणाऱ्या डोंगराला आणि वाहत्या पुराला तो उत्तर नाही. घाट बंद ठेवल्याचा हुकूम असेल किंवा साकवावरून पाणी जात असेल, तर गाडीत कितीही लॉक असोत, चाक पुढे टाकू नका. अतिवृष्टीचा इशारा मिळाला की आजारी, म्हातारे आणि दिवस भरत आलेल्या बायाबापड्यांना वाट चालू असतानाच खाली आणावे.

ध्यानात ठेवा

आधी टायर आणि वाट, मग मागचा लॉक. त्यानंतरही गरज उरली तर पुढचा, आणि तोही आपल्या हाताने लावता-सोडता येणारा. कललेल्या वाटेवर, उतारावर आणि वळणावर पुढचा लॉक सुटलेलाच हवा. गाडी विकत घेणारा एक असतो, चालवणारे घरातले चौघे. हे पत्रक त्या चौघांनाही वाचून दाखवा, आणि पाऊस लागायच्या आधी एकदा मोकळ्या, सपाट शेतात लॉक लावून-सोडून त्यांच्याकडून सराव करून घ्या.